शिसवी पाणसळ : घासू, दुरुस्त करू, की आहे तशी ठेवू?

मृण्मयी_सांगली

नमस्कार मंडळी,

आईचे वडील बांधकामावर मिस्त्री होते. त्यांची हत्यारांची पेटी फिरत फिरत माझ्याकडे आली आहे. करणी, थापी, ओळंबा या वस्तू कुठेही मिळतात, पण त्यात एक लाकडी पाणसळ (स्पिरिट लेव्हल, पृष्ठभाग समपातळीत आहे का ते दाखवणारं हत्यार) निघाली. तिच्याबद्दल विचारायचं आहे.

साधारण फूटभर लांब. लाकूड जवळजवळ काळं, ओल्या फडक्याने पुसलं की जांभळट तपकिरी झाक येते. वर पितळी पट्टी, तिच्या मधोमध खिडकी, दोन्ही टोकांना पितळी पत्रे. पट्टीवर इंग्रजीत 'जे. रेबोन अँड सन्स, मेकर्स, बर्मिंगहॅम' असा ठसा. पितळ काळं पडलंय, कडेला हिरवट. खिडकीतली काचेची नळी दिसायला अख्खी आहे, पण आतला द्रव निम्मा उडालाय आणि फुगा दोन्ही रेघांच्या बाहेरपर्यंत पसरतो. पट्टीचा एक स्क्रू गायब आहे, तिथे कोणीतरी चक्क खिळा ठोकलाय.

पितळ घासावं का? नळी बदलता येते का? लाकडाला काय लावावं? नवऱ्याचं मत, शोकेसमध्ये ठेव. माझं मत, वापरात आणावी.

ढोलीतला_सुतार

जागा राखून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो. तोवर एकच विनंती, काहीही घासू नका.

वसुधाकाकू

अगं त्यात काय एवढं! चिंचेचा कोळ नि मीठ लाव, दहा मिनिटांत देवघरातल्या समईसारखं लख्ख होईल. आमच्याकडे गौरी-गणपतीला सगळी उपकरणी अशीच निघतात.

खडूस_खवय्या

काकू +१. उरलेल्या कोळाची आमटी करा.

धातुशोधक

काकू, समईला ठीक आहे, इथे नको. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ जास्त वेळ राहिला की पृष्ठभागावरचं जस्त आधी निघून जातं आणि तांबूस डाग उरतात. समई पुन्हा घासली की ते जातात, कारण तिचं पितळ जाड असतं. पाणसळीची पट्टी असते पातळ आणि तिच्यावर ठसा आहे. चार वेळा घासलं तर बर्मिंगहॅमचं 'बर्मिं' होईल. शिवाय कोळ खाली लाकडात उतरतो, स्क्रूच्या भोकात मीठ बसतं आणि पुढच्या पावसाळ्यात हिरवं परत येतं, आधीपेक्षा जास्त.

बाटलीतलं पॉलिश वापरणार असाल तर अमोनियाचा वास येतो का ते बघा. येत असेल तर लांब राहा. यामागे आपल्याच मातीतली एक गोष्ट आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात आपोआप तडकायची. कोरड्या दिवसांत काही नाही, पावसाळा आला की भेगा. काडतुसं ठेवलेली असायची तबेल्यांत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतला ओलावा आणि पितळ ओढून आकार देताना त्यात राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ फुटतं. 1921 मध्ये याचा नीट उलगडा झाला. धातुशास्त्रात याला अजूनही 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात आणि तो सीझन म्हणजे आपला पावसाळा.

एकदा पुसल्याने तुमची पट्टी फुटणार नाही, पण पॉलिश स्क्रूखाली साचून राहायला नको.

खडूस_खवय्या

घोड्याच्या मुतापासून पाणसळीपर्यंत. याचसाठी इथे येतो.

बर्मिंगहॅमकर

माझ्याच गावची वस्तू निघाली की! रेबोन हे इथलं जुनं घराणं, 1784 पासूनचं. घडीच्या पट्ट्या आणि पाणसळी ही त्यांची ओळख. 1963 मध्ये शेफील्डच्या चेस्टरमनशी एक झाले आणि रेबोन चेस्टरमन नाव आलं. म्हणजे नुसतं 'रेबोन अँड सन्स' असेल तर तुमची त्याआधीची, एवढं नक्की. नेमकं साल ठशावरून सांगणं कठीण, हेच मॉडेल ते वर्षानुवर्षं काढत होते.

इथे रविवारच्या बाजारात, लोक गाडीच्या डिकीत सामान मांडून विकतात त्यात, या पाणसळी भरपूर दिसतात. त्यामुळे शोकेसवाल्या जावईबापूंना सांगा, फार दुर्मिळ नाही. निवांत वापरा.

एक गंमत. इंग्रज ज्याला ईस्ट इंडियन रोझवुड म्हणायचे ते म्हणजे आपला शिसव. पाणसळींना तो आणि आबनूस दोन्ही वापरत. तुम्ही सांगताय ती जांभळट झाक शिसवाचीच वाटते.

मृण्मयी_सांगली

म्हणजे लाकूड इथून गेलं, पितळ लावून परत आलं आणि आजोबांनी पैसे देऊन विकत घेतलं. कापसाचीही हीच तऱ्हा होती ना?

गिरणगावकर

हो, तीच. पण त्यावरून सुरू झालो तर धाग्याचं काश्मीर होईल, वाद संपणारच नाही.

ढोलीतला_सुतार

आलो. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, पाणसळ ही शोभेची वस्तू नाही. तिला एकच काम : खरं सांगणं. म्हणून सुरुवात पितळापासून करायची नाही, तळापासून करायची. तिचा तळ सरळ आहे का? जाड काचेवर ठेवा, मागून विजेरी मारा. मध्ये उजेड दिसला तर लाकूड वाकलंय, टोकं डुलत असतील तर पोट आलंय. शिसव हा फार शहाणा माणूस, सहसा वाकत नाही. तरी बघा. थोडा फरक असेल तर काचेवर 220 नंबरचा काचपेपर चिकटवून पाणसळ त्यावरून ओढायची, एकाच दिशेने, दाब न देता. मात्र टोकांचे पितळी पत्रे खालपर्यंत वळलेले असतील तर हे करू नका. लाकूड झिजेल, पितळ राहील आणि पाणसळ दोन टोकांवर उभी राहील.

दुसरी गोष्ट, नळी. ती दोन्ही बाजूंनी काच वितळवून बंद केलेली असते. द्रव आपोआप उडत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी केसाएवढी चीर आहे, बहुधा नळी ज्यात बसवलेली असते त्या प्लास्टरमध्ये दडलेल्या टोकाला. ती दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते.

तिसरी, खिळा. पकडीने उपटू नका, लाकडाचा टवका येईल. सोल्डरिंग आयर्नचं टोक खिळ्याच्या माथ्यावर थोडा वेळ धरा. गरम झाला की भोवतीचा गंज आणि लाकडाची पकड सैल होते, मग हळूहळू फिरवत काढायचा. अडलेल्या पितळी स्क्रूंनाही हाच उपाय. पेचकसाचं पातं खाचेत घट्ट बसेल असं कानशीने घासून घ्या. सैल पातं घसरलं की खाचही जाते आणि पट्टीवर ओरखडा पडतो.

निवृत्त_जलसंपदा

सुतारदादांशी सहमत, फक्त एक भर. निम्मा द्रव उडालाय हे आधी पक्कं करून घ्या. द्रव गरम झाला की पसरतो आणि फुगा आखूड होतो, थंडीत लांबतो. पहाटेची आणि दुपारची पाणसळ एकच असली तरी फुगा वेगळा दिसतो. आत पाणी नसून अल्कोहोल किंवा तत्सम द्रव असतो. तो गोठत नाही आणि पाण्यापेक्षा चपळ हलतो. या युक्तीचं श्रेय मेल्किसेदेक थेवनो या फ्रेंच माणसाला देतात, साल 1661. त्याआधी इजिप्तपासून रोमपर्यंत सगळे लाकडी त्रिकोणाला ओळंबा टांगून काम भागवत होते आणि त्यात काही वाईट नव्हतं. पाणलोटाच्या कामात समपातळी चर आखायला आजही आपल्या गावांत ए-फ्रेम वापरतात, ती त्याच कुळातली.

मृण्मयी_सांगली

मी मांडलंय ते सांगलीच्या भर उन्हाळ्यातलं. तरीही फुगा एवढा मोठा.

निवृत्त_जलसंपदा

मग नळी गेली.

बाळू_मिस्त्री_वाई

ताई राम राम. मी गवंडी काम करतो, मोबाइलवर बोलून टाइप करतोय, चुकलं तर समजून घ्या. आमच्याकडं आता लाकडाची लेव्हल कोण वापरत नाही. अल्युमिनियमची दोन फुटी असती नाहीतर पाण्याची नळी, म्हंजे पाणी भरलेला पारदर्शक पाइप. माझ्या चुलत्याकडं होती तुमच्यासारखी. ते कधीच एका बाजूनं बघायचे नाहीत. ठेवायची, बघायची, मग टोकाला टोक फिरवून परत ठेवायची. दोन्ही वेळेला फुगा एकाच जागी आला पाहिजे. नाही आला तर लेव्हल खोटी. नवी कोरी दुकानातून आणली तरी हे बघूनच घ्यावी. काउंटरवरच फिरवून बघायची, दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

ढोलीतला_सुतार

बाळूदादा, दंडवत. अख्ख्या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

अर्धवट_अभियंता

पाण्याची नळीच बेस्ट हो! वीस फूट अंतरावरच्या दोन खांबांवर फूटभर पाणसळीने पातळी नेऊन दाखवा. न्यूटन खोटं बोलत नाही.

निवृत्त_जलसंपदा

न्यूटनच्या आधीपासूनच पाणी आपली पातळी शोधतंय, पण मुद्दा बरोबर. लांब अंतराला नळी, जवळच्याला पाणसळ. फक्त नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर ती सरळ चेहऱ्याने खोटं बोलते. पाणसळीत बुडबुडा हवा, नळीत नको. आणि अर्धी नळी उन्हात, अर्धी सावलीत असेल तर तापलेल्या बाजूचं पाणी थोडं वर चढतं. पाणी भरताना वरून ओतू नका, बादलीतून ओढून घ्या.

अनघा_ठाणे

अवांतर आहे, पण राहवत नाही. हे सगळं ज्ञान जगात असताना माझ्या बाथरूममधलं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे का येतं?

खडूस_खवय्या

कारण ते पाणी स्वतंत्र विचारांचं आहे.

बाळू_मिस्त्री_वाई

मॅडम, ढाळ कमी दिलाय. मीटरला निदान एक सेंटीमीटर पाहिजे. फरशीवाला पाणसळीवर फरशी बसवतो, म्हणजे एकदम सपाट. मोरीत सपाट चालत नाही. पट्टीच्या एका टोकाखाली तेवढ्या जाडीची चीप ठेवायची आणि मग फुगा मध्ये आणायचा, म्हणजे ढाळ आपोआप येतो.

अनघा_ठाणे

हे आमच्या काँट्रॅक्टरला फ्रेम करून देते.

पुराणवस्तूप्रेमी

इथल्या सगळ्यांशी नम्र असहमती. नळी बदलली, खिळा काढला, लाकूड घासलं, मग उरलं काय? तो खिळासुद्धा कोणीतरी अडचणीत ठोकलेला असणार, कदाचित आजोबांनीच, चालू कामावर. तो काढून तुम्ही त्यांचाच हात पुसताय. कापसाच्या बोळ्याने धूळ काढा, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, बास. वापरायला दोनशे रुपयांची नवी लेव्हल मिळते.

ढोलीतला_सुतार

पटतं आणि नाही पटत. संग्रहालयातली वस्तू असती तर मीही हेच म्हटलं असतं. पण हत्यार वापरणारा माणूस त्याचे भाग बदलतच असतो. रंध्याचं पातं झिजून संपतं, दुसरं बसवतात. वाकसाचा (लाकूड तासायच्या हत्याराचा) दांडा तर किती वेळा बदलतो. म्हणून कोणी 'मूळचा वाकस नाही' म्हणत नाही. लोखंडी खिळ्याबद्दल मात्र ठाम आहे, तो काढायचाच. पितळाला लोखंड टेकलं आणि ओल आली की लोखंड झपाट्याने गंजतं, आणि गंज फुगून शिसवाला आतून तडा देतो. जुना खिळा डबीत घालून ठेवा, हवं तर चिठ्ठी लावून.

धातुशोधक

खिळ्याबाबत सुतारदादा +१. पितळाच्या रंगाबाबत पुराणवस्तूप्रेमी +१. काळपट थर घट्ट आणि एकसारखा असेल तर राहू द्या, तो पितळाचं रक्षणच करतो. हिरवी भुकटी मात्र काढा, ती ओल धरून ठेवते. पट्टी आधी लाकडावरून सोडवायची, मग बांबूच्या काडीने किंवा जुन्या टूथब्रशने कोरडीच खरवडायची. लाकडावर असताना कोणतंही पॉलिश नको, शिसवाच्या छिद्रांत पांढरं बसतं आणि ते आयुष्यात निघत नाही.

वसुधाकाकू

बरं बाई, चिंच मागे घेते. लाकडाला खोबरेल चालेल की तेही नाही? आमच्या विळीच्या पाटाला आणि सोऱ्याला मी खोबरेलच लावते.

ढोलीतला_सुतार

काकू, विळी-सोऱ्याला चालतं, कारण ती रोज धुतली-पुसली जातात. पाणसळ पेटीत पडून राहते. खोबरेल वाळत नाही. काही महिन्यांनी खवट वास येतो, चिकट होतं आणि धूळ धरतं. जवसाचं तेल वाळतं. फडक्यावर चार थेंब, चोळायचं, थोड्या वेळाने उरलेलं सगळं पुसून टाकायचं. शिसवात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे एक हात पुरतो. वर हवं तर मधमाशीचं मेण. चपडा लाखेचं पॉलिश दिसायला सुंदर, पण हत्याराला नको, हातात घसरतं.

आणि हे नीट वाचा, सगळ्यांनी : जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून डब्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं. घडीत कोंडली की फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

अनघा_ठाणे

बाप रे. आमच्याकडे जवस फक्त चटणीत होता.

मृण्मयी_सांगली

सगळ्यांचे आभार. नळी कुठे मिळेल? आणि ती बसवायची कशी, हे कोणी नीट सांगाल का? इथे हार्डवेअरवाल्याने मला 'अख्खी लेव्हल घ्या ना' असं सांगून परत पाठवलं.

बोहरी_आळीचा_भिडू

पुण्याच्या जवळपास कोणी असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायला सांगा. मोडक्या पाणसळी ढिगाने असतात, त्यातली नळी काढून घेता येते. मुंबईत नागदेवी स्ट्रीट. नुसत्या नळ्या हव्या असतील तर सर्वेची उपकरणं बनवणाऱ्यांकडे विचारा, त्यांची मोठी गावं रुरकी आणि अंबाला. जाताना जुन्या नळीची लांबी आणि जाडी मोजून न्या. किंचित आखूड चालते, जाड मुळीच चालत नाही.

निवृत्त_जलसंपदा

फार संवेदनशील नळी घेऊ नका. कारखान्यातल्या यंत्रांच्या पाणसळीत एक रेघ म्हणजे मीटरला 0.02 मिलिमीटर असू शकते. असली नळी बांधकामाच्या पाणसळीत घातली तर फुगा मध्ये थांबायलाच तयार होणार नाही आणि तुम्हाला वाटेल भूकंप सुरू आहे. बांधकामाला मीटरला अर्धा मिलिमीटर कळलं तरी खूप झालं.

ढोलीतला_सुतार

बसवायची पद्धत.

जुनं प्लास्टर कोरडंच उकरा. जाड सुई किंवा अरुंद पटाशी घ्या. पाणी ओतून मऊ करायचा मोह होतो, पण लाकूड फुगतं. नळी निघाली की खाचेतली भुकटी फुंकून काढा (डोळे मिटून).

नवी नळी निरखून बघा. बऱ्याच नळ्यांना किंचित बाक असतो. पोट वर आलं पाहिजे. उलटी बसवली तर फुगा मध्ये कधीच थांबत नाही, सारखा कुठल्यातरी टोकाला पळतो. दोन्ही बाजूंनी सारखी, आतून पिंपासारखी घासलेली असेल तर कशीही बसवा.

आता टेबलावर जाड काच ठेवा आणि तिच्या कोपऱ्यांखाली कागदाच्या घड्या सरकवून ती पातळीत आणा. कुठल्या लेव्हलने? कुठल्याही, अगदी खोट्यासुद्धा. बाळूदादांनी सांगितलं तसं टोकाला टोक फिरवा. आधी फुगा तुमच्या डावीकडे दोन घर आणि फिरवल्यावरही तुमच्या डावीकडेच दोन घर आला तर काच दोषी. दोन्ही वेळा लेव्हलच्या त्याच टोकाकडे गेला तर लेव्हल दोषी, काच ठीक. दोन्हींत थोडा थोडा दोष असेल तर दोन वाचनांच्या बरोबर मधली जागा धरायची. काच पातळीत आली की तिच्यावर पेन्सिलीने पाणसळीची चौकट आखून ठेवा.

मग प्लास्टर ऑफ पॅरिस दह्याइतपत घट्ट कालवा, खाचेत घाला, नळी दाबा, पाणसळ चौकटीत ठेवा आणि काडीने नळीचं एक टोक खालीवर करत फुगा मध्ये आणा. घट्ट व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात घरातल्या कोणालाही टेबलाला हात लावू देऊ नका. दुसऱ्या दिवशी फिरवून तपासा. चुकलं तर उकरून पुन्हा. पट्टी बसवताना स्क्रू आलटून पालटून, बेताने आवळा. काचेवर दाब आला की पहिले पाढे पंचावन्न.

पुराणवस्तूप्रेमी

मत बदललेलं नाही, पण पद्धत छान सांगितलीत. निदान जुनी नळी फेकू नका आणि काम सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

मृण्मयी_सांगली

अपडेट. खिळा निघाला, सोल्डरिंग आयर्नची युक्ती चालली. पट्टीखाली शिसव अजून गडद काळाभोर आहे आणि पट्टीच्या आतल्या बाजूला पितळाचा मूळ पिवळा रंग तसाच. नळीच्या एका टोकाला खरंच बारीक चीर होती, अगदी प्लास्टरच्या आत. फोटोत दिसत नाही, नखाला लागते. मिरजेतल्या एका मोडक्या लेव्हलमधली नळी मिळाली, बसवली. आत्ता प्लास्टर घट्ट होतंय आणि मी नवऱ्याला टेबलाजवळ यायला बंदी केली आहे. वरून पितळ घासणार नाही. नवा स्क्रू मात्र पिवळाधमक दिसतोय, तो काळा करायला काही युक्ती?

धातुशोधक

काही करू नका. हात लागत राहिले तर वर्षभरात बाकीच्यांत मिसळून जाईल.

खडूस_खवय्या

एवढी घाई असेल तर काकूंच्या स्वयंपाकघरात टांगून ठेवा, फोडणीच्या धुराने आठवड्यात काळा होईल.

बर्मिंगहॅमकर

प्लास्टर सुकलं की फिरवून काय आलं ते कळवा.

मृण्मयी_सांगली

फिरवली. एका बाजूने फुगा बरोबर मध्ये, दुसऱ्या बाजूने रेघेला जेमतेम टेकतो. पुन्हा उकरू?

बाळू_मिस्त्री_वाई

नका उकरू ताई. रेघेला टेकतोय म्हणजे चूक त्याच्या निम्मीच आहे. काम झोकात होतंय त्याच्यावर.

नवा_गडी_64

सगळा धागा वाचला, वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्याकडे वडिलांचा लाकडी रंधा आहे, पातं हलतं आणि पाचर फुटलीय. इथेच विचारू का?

ढोलीतला_सुतार

नवा धागा काढा. पात्यावर ठसा असेल तर त्याचा फोटो टाका आणि पाचर कुठल्या लाकडाची आहे ते लिहा. तोवर काही घासू नका.